युद्धातून घरी परतलेल्या सैनिकाचं नाव कुठे लिहिलं जातं?

३१ ऑगस्ट १९२१ ही तारीख आधी लक्षात घेऊ. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने फुप्फुसं निकामी झालेला एखादा ब्रिटिश शिपाई या दिवशी किंवा त्याआधी वारला असेल, तर तो सरकारी हिशेबात युद्धमृत ठरतो. त्याच्या थडग्यावर ठरलेल्या मापाचा दगड बसतो, नाव कायमच्या यादीत चढतं, आणि दगडावरची अक्षरं झिजली तर पुन्हा कोरून दिली जातात. तोच शिपाई दुसऱ्या दिवशी त्याच दुखण्याने गेला असेल, तर यातलं काहीही होत नाही. थडगं राखणं आणि त्याने काय सोसलं ते पुढच्यांना सांगणं, हे सगळं मग घरच्यांवर येतं.

ब्रिटनमधलं सैनिकांचं स्मरण आपण छायाचित्रांत पाहिलेलं असतं. नोव्हेंबरात कोटावर लावलेलं कागदी लाल पॉपीचं फूल, लंडनच्या सेनोटाफ या युद्धस्मारकापुढे वाहिलेली पुष्पचक्रं, पहिलं महायुद्ध थांबलं त्या ११ नोव्हेंबरला अकरा वाजता पाळलेली दोन मिनिटांची शांतता. हे मुळात उभं राहिलं ते युद्धात मेलेल्यांसाठी. जे परत आले, कामधंद्याला लागले, म्हातारे झाले आणि अंथरुणावर वारले, त्यांच्यासाठी अशी एकच एक व्यवस्था कधी झाली नाही. संख्या मात्र त्यांचीच मोठी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करात गेलेल्या दर आठ माणसांतली साधारण सात घरी परतली. मला जास्त ओढ आहे ती या सात जणांची. पण आधी आठव्याची व्यवस्था समजून घ्यायला हवी, कारण बाकीच्यांनी जे काही उभं केलं ते तिच्याकडे पाहूनच.

युद्धमृतांची व्यवस्था

१९१४ च्या आधी मेलेल्या साध्या शिपायाचं नाव कुठे लिहिण्याची फारशी रीत नव्हती. अधिकाऱ्याला चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी मिळे, शिपाई सामुदायिक खड्ड्यात जाई. पहिल्या महायुद्धात फॅबियन वेअर नावाचा गृहस्थ रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका पथकाबरोबर फ्रान्सला गेला होता. मेलेल्यांची नोंद कोणीच नीट ठेवत नाही हे पाहून त्याने ते काम अंगावर घेतलं. त्यातून मे १९१७ मध्ये राजाच्या सनदेने इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची स्मृती दीडशेहून अधिक देशांत आणि प्रदेशांत हे कमिशन सांभाळतं. त्याच्या तारखा पक्क्या आहेत: पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७.

कमिशनने सुरुवातीलाच दोन अवघड निर्णय घेतले. कोणाचाही मृतदेह मायदेशी आणायचा नाही, जो जिथे पडला तिथेच त्याची विश्रांती. आणि सगळ्यांचे दगड सारखे, जनरल असो की खंदक खोदणारा. श्रीमंत घराण्यांना आपल्या मुलासाठी वेगळं स्मारक हवं होतं. तेव्हा यावरून मोठं वादळ उठलं, पार्लमेंटात चर्चा झाली, आणि कमिशन आपल्या जागी ठाम राहिलं. कुटुंबाला दगडाच्या तळाशी ६६ अक्षरांत बसेल एवढा मजकूर लिहायची मुभा होती. ज्या देहाची ओळख पटली नाही त्याच्या दगडावर, तो केवळ देवाला ठाऊक आहे अशा अर्थाचे शब्द आले. ते शब्द रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवले होते. त्यांचा स्वतःचा एकुलता एक मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता, आणि त्याचं थडगं त्यांना हयातीत सापडलं नाही.

सर्वांना समान हे तत्त्व युरोपात पाळलं गेलं, सगळीकडे नाही. कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला. आफ्रिकेतले आणि आशियातले किमान १,१६,००० मृत, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, एकतर नावाने नोंदले गेले नाहीत किंवा मुळीच नोंदले गेले नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्यांत भारतीयही आहेत. कमिशनने त्याबद्दल माफी मागितली.

ही व्यवस्था प्रत्यक्ष पाहायला लंडनला जायला नको. पुण्यात मुळा रोडवर खडकीचं युद्धस्मशान आहे. दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी तिथे रांगेने आहेत. भारतात ठिकठिकाणच्या छावणी स्मशानांत पुरलेल्या, पण जिथली थडगी राखणं शक्य राहिलं नाही अशा पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावंही तिथल्या स्मारकावर आहेत. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी स्मशानातून तिथे आणले गेले. गेट उघडं असेल तेव्हा आत जाऊन दगडांवरची वयं वाचावीत. एकोणीस, बावीस, एकवीस अशी ती असतात.

घाडगे आणि जाधव

तारखेची ही रेघ माणसांच्या बाबतीत काय करते ते आपल्याकडच्या दोन नावांवरून चटकन कळतं. आधी एक खुलासा. ब्रिटिश लष्कर आणि ब्रिटिशांच्या ताब्यातली भारतीय सेना ही दोन वेगळी सैन्यं होती, त्यांची भरती आणि कागदपत्रं वेगळी. युद्धमृतांची नोंद ठेवणारं कमिशन मात्र दोघांसाठी एकच.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन सैनिकांना इटलीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी मशीनगनच्या मोर्च्यावर एकट्याने चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांचं थडगं सापडलेलं नाही, म्हणून कमिशनने त्यांचं नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलं आहे. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी जखमी साथीदारांना गोळीबारातून पाठीवर वाहून आणलं, मग शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. ते वाचले, घरी आले आणि १९८४ साली वारले. तोच सन्मान, तीच रेजिमेंट, तोच देश. पण कमिशनच्या यादीत जाधव असू शकत नाहीत, कारण ते जगले.

व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची आठवण निदान पदकाच्या इतिहासात तरी राहते. ज्याला पदक नाही, ज्याने तीन वर्षं ट्रक चालवला, तारा जोडल्या, मुदपाकखान्यात राबला, त्याचं काय?

परत आलेल्यांसाठी काय आहे

इंग्लंड आणि वेल्समध्ये पन्नासेक गावं अशी आहेत की तिथून पहिल्या महायुद्धात गेलेला प्रत्येक जण जिवंत परत आला. त्यांना आभारी गावं म्हणतात. बाकी जवळपास प्रत्येक गावात मृतांच्या नावांचा खांब किंवा क्रूस उभा आहे. आभारी गावांपैकी काहींनी, सगळे परत आले म्हणून देवाचे आभार मानणारी पाटी लावली. जिवंतांची नावं दगडावर आणणारी जी थोडी ठिकाणं आहेत, त्यांत ही येतात.

कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याच युद्धाच्या पाट्या गावोगाव भिंतीत बसवलेल्या दिसतात. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरचा मजकूर. म्हणजे परत आलेलेही इथे मोजले आहेत, पण नाव कोणाचंच नाही. मला दोन्ही अपुरं वाटतं. इंग्लंडच्या खांबावर नाव आहे पण फक्त मेलेल्याचं, आपल्या पाटीवर सगळे आहेत पण आकड्यात.

सरकारकडून ब्रिटिश शिपायाच्या घरी काय येई, त्यातही हाच फरक होता. पहिल्या युद्धात जो मेला त्याच्या घरी काशाची मोठी चकती गेली. तिच्यावर फक्त नाव, हुद्दा नाही, म्हणजे मरणात सगळे समान. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या वाटल्या गेल्या. जो परत आला त्याला युद्धपदकं मिळाली, आणि त्यांच्या कडेवर त्याचं नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असे. दुसऱ्या महायुद्धात तेही राहिलं नाही. पदकांवर नावं नव्हती, आणि लष्करातून सुटलेल्याला ती अर्ज करून मागवावी लागत. कित्येकांनी अर्ज केलाच नाही. घरात चार लेकरं, हातात नवी नोकरी, आणि त्या आठवणी नकोशा.

म्हणून परत आलेल्यांची आठवण ठेवायचं काम सरकारापेक्षा त्यांच्याच सोबत्यांनी केलं. रॉयल ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संघटना १९२१ मध्ये स्थापन झाली. पॉपीची फुलं विकून मिळालेला पैसा जिवंत सैनिकांवर, विधवांवर, अपंगांवर खर्च करायचा, हा पहिल्यापासूनचा रिवाज. फूल मेलेल्यांच्या नावाने आणि पैसा जिवंतांसाठी, ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. लंडनचं चेल्सी रुग्णालय, नावाने रुग्णालय पण खरं तर वृद्ध सैनिकांचं निवासस्थान, याहून पुष्कळ जुनं. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६८२ मध्ये ते काढलं. आजही सुमारे तीनशे वृद्ध सैनिक तिथे राहतात आणि समारंभाला लाल डगले घालतात. २००९ पासून त्यांत स्त्रियाही आहेत.

पण खरा आधार रेजिमेंटच्या असोसिएशनचा. ब्रिटिश लष्करात पायदळाची रेजिमेंट बहुधा एखाद्या परगण्याच्या नावाची असे, भरतीही त्याच भागातून होई. म्हणजे एकाच गल्लीतले, एकाच गिरणीतले लोक एका पलटणीत. युद्धानंतर हे लोक वर्षातून एकदा जमत, जेवत, यादी वाचत. यादीतलं कोण गेलं ते सांगत. हे जमवायला कोणीतरी पत्रं पाठवणारा लागतो. कोविडच्या काळात आपल्या बागेत शंभर फेऱ्या मारून तीन कोटी वीस लाख पौंडांहून अधिक निधी जमवणारे कॅप्टन टॉम मूर जगाला माहीत झाले. ते दुसऱ्या महायुद्धात आधी मुंबईला आले, मग ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर लढले. त्यांच्याविषयीची एक गोष्ट कमी सांगितली जाते. आपल्या जुन्या पलटणीचं वार्षिक संमेलन त्यांनी साठहून अधिक वर्षं भरवलं. बागेतल्या फेऱ्यांइतकंच मोल मी या पत्रव्यवहाराला देईन. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा यॉर्कशायर रेजिमेंटच्या जवानांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि वरून जुनं डाकोटा विमान गेलं.

साध्या माजी सैनिकाच्या अंत्यविधीलाही एक ठरलेली रीत असते. शवपेटीवर युनियन जॅक, त्यावर पलटणीची टोपी आणि पदकं. लीजनचे निशाणधारी झेंडे खाली झुकवतात. बिगुलावर लास्ट पोस्ट वाजतं, शांतता पाळली जाते, मग उठायचा इशारा देणारी धून. आणि कोणीतरी लॉरेन्स बिन्यन यांच्या १९१४ मधल्या कवितेतलं कडवं म्हणतं. जे रणात राहिले त्यांना आमच्यासारखं म्हातारपण येणार नाही, वय त्यांना थकवणार नाही, असा त्याचा आशय. हे शब्द पंचाण्णव वर्षांच्या माणसाच्या शवपेटीसमोर म्हटले जातात, ज्याला वयाने पुरतं थकवलेलं असतं. तरुण मेलेल्यांचेच शब्द म्हाताऱ्यांसाठी उसने घेतले गेले, कारण म्हाताऱ्या सैनिकासाठी वेगळे शब्द कोणी घडवलेच नाहीत.

कधी कधी शवपेटीमागे चालायलाही कोणी उरलेलं नसतं. २०१३ मध्ये लँकेशायरच्या लिदम सेंट ॲन्स गावात नव्याण्णव वर्षांचा एक माजी सैनिक वारला. तो लष्करातला नव्हे, हवाई दलाच्या बाँबर पथकांचा जमिनीवरचा कामगार होता. जवळचं कोणी येणार नाही असं दिसल्यावर अंत्यविधी करणाऱ्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात, जमेल त्यांनी यावं, असं छापलं. ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता शेकडो अनोळखी माणसं पावसात येऊन उभी राहिली.

हॅरी पॅच

या सगळ्यात एका माणसाविषयी जरा थांबून लिहावंसं वाटतं. हॅरी पॅच हा पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेला शेवटचा ब्रिटिश सैनिक. जन्म १८९८, धंदा नळकामाचा. सक्तीच्या भरतीत ड्यूक ऑफ कॉर्नवॉलच्या लाइट इन्फंट्रीत गेला, लुईस मशीनगनच्या तुकडीत होता. २२ सप्टेंबर १९१७ रोजी पाशनडेलच्या लढाईत तोफगोळा फुटला. त्याचे तीन जिवलग सोबती ठार झाले, तो जखमी झाला. घरी आला, पुन्हा नळकाम केलं, संसार केला. आणि जवळजवळ ऐंशी वर्षं युद्धाविषयी चकार शब्द काढला नाही, बायकोजवळसुद्धा नाही.

वयाच्या शंभराव्या वर्षी त्याला पत्रकारांनी गाठलं तेव्हा कुठे तो बोलू लागला. सगळा देश ११ नोव्हेंबर पाळत असताना त्याचा स्मरणदिन २२ सप्टेंबर हाच होता. २००४ मध्ये तो पलीकडच्या बाजूने लढलेल्या एका वृद्ध सैनिकाला भेटला. २५ जुलै २००९ रोजी एकशे अकराव्या वर्षी तो गेला. वेल्स कॅथीड्रलमधल्या अंत्यविधीला त्याच्या इच्छेप्रमाणे एकही शस्त्र नव्हतं, शोभेची तलवारदेखील नाही. शवपेटीबरोबर बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचे सैनिक चालत होते. त्याची जुनी रेजिमेंट केव्हाच दुसऱ्यांत विलीन झाली होती. १९५९, १९६८ आणि २००७ अशा तीन विलीनीकरणांनंतर तिचा वारसा रायफल्स या रेजिमेंटकडे आला होता, म्हणून खांदा त्यांनी दिला.

पॅच शंभराव्या वर्षी बोलला नसता, किंवा नव्वदीत गेला असता, तर यातलं काहीही आपल्याला कळलं नसतं. त्याच्यासारखे लाखो लोक न बोलता गेले.

एका माणसाचं आयुष्य जुळवायचं कसं

न बोलता गेलेल्याविषयी आज शोधायचं तर कागदांकडे जावं लागतं. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सेवाक्रमांक. ब्रिटिश लष्करात एकाच नावाची शेकडो माणसं होती, क्रमांकाने माणूस वेगळा काढता येतो. तो सुटकेच्या पुस्तिकेत, पहिल्या युद्धातल्या पदकाच्या कडेवर, कधी जुन्या पत्राच्या कोपऱ्यात मिळतो. मग पलटण कळते. नुसता फोटो असेल तर टोपीवरच्या बिल्ल्यावरून रेजिमेंट ओळखता येते.

पलटण कळली की तिची युद्धदैनंदिनी वाचता येते. त्या दिवशी पलटण कुठे होती, किती पाऊस होता, किती माणसं गेली, हे तिच्यात असतं. पण दैनंदिनी अधिकारी लिहीत, त्यामुळे नावं येतात ती बहुधा अधिकाऱ्यांची. शिपायांचा उल्लेख ‘इतर हुद्दे, दोन ठार, सात जखमी’ अशा पद्धतीने. त्या सातांत आपले आजोबा असतात, आणि ते ओळखायला पुन्हा सेवानोंदच लागते.

सेवानोंदींची कथा दुःखाची आहे. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या नोंदी लंडनमध्ये एका गोदामात होत्या. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात त्याला आग लागली आणि सुमारे साठ टक्के नोंदी नष्ट झाल्या. उरलेले काठाला जळालेले, पाण्याने भिजलेले कागद ‘जळके दस्तऐवज’ या नावाने संशोधकांना माहीत आहेत. नशिबाने पदकांची कार्डं वेगळीकडे होती, ती वाचली. म्हणून कित्येकांच्या आयुष्यातल्या चार वर्षांचा पुरावा आज तळहाताएवढं एक कार्ड आहे. नंतरच्या काळातल्या ९७ लाख नोंदी संरक्षण खात्याकडून ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हलवायचं काम २०२२ पासून सुरू झालं. भारतीय शिपायांची कागदपत्रं मात्र लंडनला गेली नव्हती. पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते असं घरात सांगत असतील, तर आधी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे चौकशी करावी.

कागदात न मावणारं आवाजात मावतं. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने १९७० च्या दशकापासून साध्या शिपायांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत खंदकातली उवांची खाज आहे, पहिल्या पगाराचं काय केलं ते आहे, घरी परतल्यावर झोप न येण्याच्या रात्री आहेत. कोणत्याही स्मारकापेक्षा मला हा संग्रह मोठा वाटतो.

सरकारची चूक सुधारायला किती वेळ लागतो हेही पाहावं. पहिल्या युद्धात भित्रेपणा किंवा पलायनाच्या आरोपावरून गोळी घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी मिळाली २००६ मध्ये. त्यांतले बरेच आज ज्याला मानसिक आघात म्हणतात त्याने ग्रासलेले होते. १९५२ ते १९६७ या काळातल्या अणुचाचण्यांत वापरलेल्या सैनिकांसाठी पदक जाहीर झालं २०२२ मध्ये, तोवर त्यांच्यातले पुष्कळ जण वारले होते. पदक नातवंडांच्या हाती आलं.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पहिल्यांदाच, तुम्ही पूर्वी सैन्यात होता का, असं विचारलं गेलं. साडेअठरा लाख लोकांनी हो म्हटलं. त्यांतला जवळपास तिसरा हिस्सा ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाचा होता. हे बहुतेक सक्तीच्या राष्ट्रसेवेच्या पिढीतले, कोरिया, मलाया, सायप्रस पाहिलेले. ती भरती १९६० मध्ये थांबली. यांच्या लढायांवर कोणी फारसं बोललं नाही, आणि तेही बोलले नाहीत.

अशा माणसाला विचारायचं तर युद्धापासून सुरुवात करू नये, असं मुलाखती घेणारे लोक सांगतात. भरतीच्या आदल्या दिवशी काय करत होता, बरॅकमध्ये शेजारच्या खाटेवर कोण होता, जेवण कसलं होतं, हे आधी. लढाई आपोआप येते, किंवा येत नाही, आणि आली नाही तर ओढून आणू नये. सेवाक्रमांक पुष्कळांना शेवटपर्यंत पाठ असतो, तो पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावा. आणि जुना सामूहिक फोटो निघाला तर त्यातल्या प्रत्येक चेहऱ्याचं नाव विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावं. त्या फोटोतल्या बाकीच्या घरांतही आज कोणीतरी शोधत असतं.